भांड्यांवरची अक्षरे

जुने भांडे विकायला नेले की दुकानदार ते एकदा उलटेसुलटे करून पाहतो, काट्यावर ठेवतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्या भावात धातूचे वजन असते. घडणीला, वयाला किंवा भांड्यावर कोरलेल्या नावाला त्यात जागा नसते. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांपासून कायद्यांपर्यंत कशालाही लावतो, पण त्याचे मूळ या काट्यापाशी आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्रातल्या घरांमधून तांब्यापितळेची जेवढी भांडी मोडीत गेली, तेवढी त्याआधीच्या कोणत्याही काळात गेली नसतील. आता तीच भांडी शोधून, घासून, दिवाणखान्यात मांडण्याची आवड वाढली आहे. काही जण ती पुन्हा चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढवू लागले आहेत. या आवडीचे स्वागत करावे. पण ज्या वस्तू आपण जमवतो आहोत त्यांचा इतिहास काय, त्या कोणी घडवल्या, कोणाच्या घरी होत्या आणि कोणाच्या घरी असू दिल्या जात नव्हत्या, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर संग्रह म्हणजे चकाकणाऱ्या वस्तूंची रांग एवढेच उरेल.

तांबटाचा हातोडा

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी हे या इतिहासातले एक जिते ठिकाण. त्वष्टा कासार समाजातील तांबट कारागीर पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात येऊन वसले, असे त्यांची परंपरा सांगते. राजधानीच्या शहराला हंडे, घागरी, पराती लागत होत्या आणि सरकारी कामासाठीही धातूकाम जाणणारे हात हवे होते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शहरातील तांब्यापितळेच्या धंद्याची दखल घेतलेली आहे. नाशिकचीही भांड्यांसाठी अशीच ख्याती होती. तीर्थाला आलेला यात्रेकरू गंगाजळी किंवा तांब्या घेऊनच घरी परतत असे.

एकोणिसाव्या शतकात या धंद्याचा कच्चा माल बदलला. युरोपातून जहाजाने मुंबईला येणारे तांब्याचे व पितळेचे तयार पत्रे स्वस्त पडू लागले. धातू वितळवून, ठोकून पत्रा करण्याचे कष्ट वाचले. कारागिराच्या हाती आकार देण्याचे आणि माठारकामाचे कसब राहिले. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून मिरवतो त्या पुष्कळशा भांड्यांचा पत्रा विलायती आहे. त्यामुळे त्यांची किंमत कमी होत नाही. फक्त परंपरा ही बंद पेटी नसून बाजाराशी सतत देवघेव करीत आलेली गोष्ट आहे, एवढे ध्यानात येते.

माठारकाम म्हणजे घडवलेल्या भांड्याच्या अंगावर हातोडीने शेजारी-शेजारी ठोके देत जाणे. त्याने पृष्ठभागावर एकसारखे बारीक पैलू उमटतात. हे केवळ नक्षीकाम नव्हे. तांबे तापवले की नरम पडते आणि ठोकले की ताठ होते; शेवटच्या ठोक्यांनी पातळ पत्र्याच्या भांड्यात बळ येते, ते सहजी चेपत नाही. हाताने घडवलेल्या जुन्या भांड्याची आणखी एक खूण म्हणजे बुडाशी किंवा अंगावर दिसणारी जोडाची रेषा. दोन पत्र्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या कापून, एकमेकींत गुंतवून, वरून डाख दिलेला असतो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला ही रेषा नसते. बाजारात ‘शंभर वर्षांचा हंडा’ म्हणून दाखवला जाणारा माल पाहताना आधी बूड पाहावे ते यासाठी.

कल्हई: एका पातळ थराचा इतिहास

तांबे आणि पितळ यांत अन्न शिजवायचे तर मध्ये कथलाचा थर हवा. आंबट पदार्थ उघड्या तांब्याशी आला की क्षार तयार होतात, अन्न हिरवट-तुरट होते आणि पोटात गेले तर ओकाऱ्या होतात. मराठीने या एका अनुभवासाठी स्वतंत्र क्रियापद ठेवले: कळकणे. ताक कळकले, आमटी कळकली असे म्हणताना कोणत्या भांड्याची कल्हई गेली आहे हे घरातल्या बाईला सांगावे लागत नसे. ज्या घरात स्टीलशिवाय काही पाहिलेले नाही, तिथे हा शब्द आता समजावून द्यावा लागतो. ‘कळकट’ मात्र मळकटाच्या जोडीने तगून राहिला.

कल्हईवाल्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातली जादू आठवत असेल, पण त्यामागचे रसायन साधे आणि नेमके आहे. जमिनीत खड्डा करून भट्टी लावायची, भात्याने कोळसा फुलवायचा. आतून घासून स्वच्छ केलेले भांडे त्यावर फिरवत तापवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, त्यामुळे भांड्याला धोका न पोहोचता कथील पातळ होते. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो. उष्णतेने नवसागर फुटून निघणारे आम्ल धातूवरचा गंज खाऊन टाकते आणि कथलाला धरायला कोरा पृष्ठभाग मिळतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो चंदेरी थेंब चपळाईने सगळीकडे पसरायचा. क्षणभर उशीर झाला तर थर जाड-पातळ होतो, भांडे जास्त तापले तर कथील जळते. हे तापमान कल्हईवाला रंगावरून आणि धुरावरून ओळखत असे.

हा थर काही महिन्यांत झिजतो. म्हणून कल्हईवाला पुन्हा पुन्हा येत असे आणि म्हणूनच तांब्यापितळेचे स्वयंपाकघर एकट्या घराच्या मालकीचे कधीच नव्हते. पाटा, वरवंटा आणि जाते गुळगुळीत झाले की टाकी लावणारा लागे. विळीची धार उतरली की धार लावणारा, सुपाची वीण सुटली की बुरूड, रवीचा दांडा मोडला की सुतार. प्रत्येक वस्तूमागे एक फेरीवाला, एक हाळी आणि एक बलुत्याचे किंवा रोखीचे नाते होते. आज आपण भांडे विकत घेऊ शकतो, हे जाळे विकत घेऊ शकत नाही. जुन्या वस्तू वापरात आणण्यातली खरी अडचण इथे आहे.

कोणाच्या घरी काय

‘आपल्या पूर्वजांची तांब्यापितळेची भांडी’ असे म्हणताना ‘आपल्या’ या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न टाळून चालत नाही. खेड्यातल्या गरिबाच्या घरी मातीची मडकी, लाकडी काथवट, एखादा लोखंडी तवा आणि पितळेचा एखादा तांब्या असा संसार असे. अडीनडीला तो तांब्याही सावकाराकडे गहाण पडे. धातूचे भांडे ही वापरायची वस्तू होती, तशीच ती साठवलेली पुंजी होती. मोडीचा भाव त्या काळी संकटातला आधार असे.

आणि काहींना ऐपत असूनही ते बाळगू दिले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची हकिकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या स्थितीतील अस्पृश्य कुटुंबांतील बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या बायकांवर हल्ला केला. पाणवठ्यावरची घागर कोणत्या धातूची आहे यावरून मार खावा लागण्याचा तो काळ फार लांबचा नाही. आज एखाद्या प्रदर्शनात चकाकती घागर पाहताना हेही आठवावे. तिच्या चकाकीत प्रतिष्ठा होती, म्हणूनच ती काहींना नाकारली गेली.

घरातल्या घरातही भांड्यांची उतरंड होती. सोवळ्याच्या स्वयंपाकाला तांबे-पितळ चाले, कारण ते राख-चिंचेने घासले की शुद्ध झाले असे मानीत. मातीचे भांडे विटाळले की फोडावे लागे. चिनी मातीचे कप आणि काच यांना शास्त्रात जागा नव्हती. चहा घराघरांत पोहोचला तरी कपबशा कित्येक ठिकाणी स्वयंपाकघराच्या बाहेरच्या फळीवर राहिल्या. आणि हे सगळे घासण्याचे काम बायकांचे, किंवा बायकांनी कामाला ठेवलेल्या दुसऱ्या बायकांचे. सणाच्या आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी घेऊन मोरीत बसलेल्या हातांना त्या पितळेच्या तेजाचे कौतुक कितपत वाटत असेल, याचा हिशेब संग्राहकाच्या वहीत सहसा नसतो.

अक्षरे वाचताना

या भांड्यांवर कोरलेली अक्षरे हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन आहे. भांडे विकत घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची पद्धत होती. छोट्या छिन्नीने आणि हातोडीने ठिपके उठवीत दुकानदार अक्षरे काढून देई. पुढे विजेवर चालणारी लेखणी आली. हेतू अगदी व्यवहारी. लग्नकार्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भांडी मागून आणत, ती परत करताना सरमिसळ होऊ नये म्हणून खूण हवी. काहींवर नुसती आद्याक्षरे असतात, काहींवर गावाचे नाव, काहींवर ‘लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ असा मजकूर आणि तिथी किंवा तारीख.

या मजकुरावरून भांड्याचे वय बऱ्यापैकी ठरवता येते. मोडी लिपी असेल तर भांडे बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले किंवा त्याआधीचे. शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढता येतो, वर्षाच्या टोकाला एखाद्या वर्षाचा फरक धरून. ‘येथें’, ‘यांचें’ असे अनुस्वार असतील तर तेही बोलके. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. अर्थात कोरणाऱ्याचा हात नियमांच्या मागून काही वर्षांनी वळला असणार. मापांचेही तसेच. शेर, मापटे, चिपटे अशी खूण असलेले माप दशमान पद्धतीच्या आधीचे. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. त्याआधी दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली या हिशेबाने घरातले धान्य मोजले जाई. आज अधोली-पायली कोपऱ्यात फुलदाणी होऊन बसली आहे. मात्र कोणत्याही एका खुणेवर विसंबू नये. घडण, लिपी, माप आणि मजकूर यांचा मेळ बसतो का, ते पाहावे. जुन्या भांड्यावर नवे नाव घातलेले असते, तसे नव्या भांड्यावर जुन्या वळणाचेही असू शकते.

पण वय ठरवण्यापेक्षा मोठी गोष्ट या अक्षरांत आहे. जमिनीच्या उताऱ्यावर, घराच्या पाटीवर किंवा सावकाराच्या खतावर जिचे नाव कधी आले नाही, अशा बाईचे नाव कधी कधी एका पातेल्यावर सापडते. माहेराहून आलेल्या भांड्यावर माहेरचे आडनाव, पुढे सासरी घेतलेल्यावर सासरचे. एकाच फडताळात एका बाईचे दोन जन्म शेजारी ठेवलेले. भेट देणाऱ्या मावशी-आत्यांची नावे वाचली तर लग्नात कोणाकडून काय आले, नात्यांची जवळीक-दुरी काय होती, तेही उलगडते. मोडीच्या भट्टीत भांडे गेले की हा कागदही जळतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

जर्मल, स्टेनलेस आणि कुकर

तांब्यापितळेला पहिला धक्का स्टीलने दिला असे आपण समजतो. खरे तर तो अ‍ॅल्युमिनियमने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी बनवण्याचे काम सुरू केले आणि पुढच्या काही दशकांत ती देशभर पसरली. आपल्याकडे या धातूला ‘जर्मल’ किंवा ‘जर्मन’ असे नाव पडले. हलके, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. मात्र त्याला मान नव्हता. लग्नात जर्मलचे पातेले भेट देणे कमीपणाचे वाटे.

मान मिळाला तो स्टेनलेस स्टीलला. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद बनवले. त्यात क्रोमियम असते आणि हवेशी संयोग होऊन त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप भरून येतो. एका अर्थी ही स्वतःची कल्हई स्वतः करणारी धातू. मराठी घरांत तिचे राज्य स्वातंत्र्यानंतर आले. सुरुवातीला स्टेनलेसची भांडी महाग होती, पाहुण्यांसाठी कपाटात असत. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या टोपलीत स्टेनलेसची वाटी आली आणि जरीच्या लुगड्याची घासाघीस नव्याने सुरू झाली. मुंबईजवळ भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने उभे राहिले. १९८०च्या दशकाच्या आरंभी सेलमला सरकारी कारखान्यात स्टेनलेसचे पत्रे निघू लागले. भाव आवाक्यात आला तसे पितळ माळ्यावर आणि माळ्यावरून मोडीत गेले.

त्याच सुमारास स्वयंपाकाची आगही बदलली. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅस सिलिंडर आला आणि १९५९ मध्ये भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले. गॅसच्या ज्योतीला आणि कुकरच्या शिट्टीला जाड बुडाचा हंडा नको होता. ही गोष्ट हळहळीने सांगण्याची रीत आहे. पण ज्या बाईचे रोजचे दोन तास घासण्या-कुटण्या-दळण्यातून वाचले, तिने पितळ दिले आणि स्टील घेतले ते अज्ञानापोटी नव्हे. तो तिने जाणून केलेला सौदा होता.

एक लहानशी शाखा या इतिहासात वेगळी पडते, ती भाजण्याच्या भांड्यांची. आपल्याकडे घरोघरी भट्टी नव्हती. तरी वरून आणि खालून विस्तव देण्याची युक्ती होती. कोकणात तवशाचे धोंडस पातेल्यात घालून खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवीत. गोव्यातील बिबिंकेचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजला जातो. खानदेशात मांडे उपड्या खापरावर टाकतात. पुढे वाळू घातलेले पातेले आले, मग झाकणाला काच असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन, ज्यात कित्येक घरांतला पहिला केक आणि दिवाळीची नानकटाई झाली. सपाट झाकणाचे जाड पातेले मोडीत देताना त्याचे झाकण सपाट का, हे कोणी विचारत नाही. ते निखारे पेलण्यासाठी होते.

जमवणारे

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव घेतल्याशिवाय या विषयाची मांडणी पुरी होत नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहात दिवे, अडकित्ते, दौती यांच्याबरोबर स्वयंपाकघरातली भांडी आहेत. राजांच्या तलवारी जपल्या जात असताना किसणी आणि सोऱ्या हाही इतिहास आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. अहमदाबादला सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये ‘विचार’ हे केवळ भांड्यांचे संग्रहालय सुरू केले. तिथे चार हजारांहून अधिक भांडी आहेत.

या संग्रहांचे ऋण मोठे आहे. तरी त्यांची एक मर्यादा सांगायला हवी. संग्राहकाची नजर सुंदर वस्तूवर आधी जाते. मोराच्या आकाराची किसणी जपली जाते. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोके पाडून केलेली किसणी फेकली जाते. वापरून खड्डा पडलेला पाटा, तीन ठिगळांची कढई, दांडा बदललेली पळी ही वस्तूंच्या आयुष्याची साधने आहेत, पण काचेमागे त्यांना क्वचित जागा मिळते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी दुसरी वाट दाखवली. त्यांनी दगडी जाते नव्हे, जात्यावरचा आवाज जमवला. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या, गाणाऱ्या बाईच्या नाव-गावासह. पिठाच्या गिरणीने जाते थांबवले तेव्हा बायांचे पहाटेचे कष्ट संपले आणि त्याबरोबर त्यांचे मन मोकळे करण्याची जागाही गेली. त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ओव्यांच्या संग्रहात त्या दोन्ही शिल्लक आहेत. वस्तूबरोबर तिचा वापर करणारी व्यक्तीही नोंदवावी, हा धडा भांडी जमवणाऱ्यांनी घेण्यासारखा आहे.

वापरायचे तर

ज्यांना जुनी भांडी वापरायची आहेत त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. कल्हईशिवाय तांब्यापितळेत चिंच, ताक, टोमॅटो, लोणचे घालू नये. कल्हईचे रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवू नये, कथील वितळून गोळा होते. तारेच्या घासणीने आतून घासू नये. कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे ना, हे विचारावे. स्वस्ताईसाठी त्यात शिसे मिसळले तर ते अन्नात उतरते आणि तो विषार हळूहळू भिनतो. काशाला कल्हई लागत नाही, मात्र ते ठिसूळ असते. लोखंडी आणि बिडाची भांडी धुतल्यावर लगेच कोरडी करून तेलाचे बोट फिरवावे. तांबट आळीत आजही काही हात काम करीत आहेत आणि शहरांत अधूनमधून कल्हईवाला फिरतो. वर्षातून दोनदा त्याला काम देणे हे एक दुर्मीळ भांडे विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे, कारण तो गेला की सगळीच भांडी शोभेची होतात.

आणि जी ठेवायची नाहीत, ती देण्यापूर्वी अर्धा तास काढावा. दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवलाच आहे, तर प्रत्येक भांडे उलटे करून नाव वाचावे, उजेडात धरून त्याचे छायाचित्र घ्यावे, बुडाचेही घ्यावे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारावे: हे कोणाचे, कोठून आले, यात काय शिजायचे, याला तुम्ही काय म्हणत होता. वेळणी, तसराळे, ओगराळे, सतेले ही नावे तिच्या तोंडून जशी येतील तशीच वहीत उतरवावी, वर तारीख घालावी. मग भांडे खुशाल मोडीत जाऊ द्यावे. तिथे त्याचे वजन होईल. नाव मात्र घरी राहील.